दिवेलागणीआधीच्या कण्या

भाकरी तव्यावर असायची आणि पोरगं भिंतीला टेकून झोपलेलं असायचं. रोजचंच झालं होतं ते. मी हाक मारायची, हलवायची, तोंडावरून पाण्याचा हात फिरवायची, मग डोळे उघडायचा, घास तोंडात घ्यायचा, आणि चावायच्या आधीच परत झोपायचा. झोपेत घशात अडकेल म्हणून तो घास मी बोटानं बाहेर काढायची. रस्त्यावर घोषणा चालायच्या त्याची भीती होतीच, पण त्या न चावलेल्या घासाची मला जास्त वाटायची.

मी परभणीकडच्या खेड्यातली. तिसरीपर्यंत शाळेत गेले, मग आईच्या हाताखाली पाहिजे म्हणून घरी बसवलं. लग्न होऊन हैदराबादला आले, बरकतपुऱ्यात दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीत चूल. हे सरकारी कचेरीत कारकून. मुलगा सात वर्षांचा, मराठी शाळेत जायचा, आणि धाकटी पाचाची, तिलाही त्याच वर्षी त्याच्याबरोबर बिगरीत बसवली, एकटी घरात रडती म्हणून.

बाकी देशात झेंडा लागून वर्ष होत आलं होतं. आमच्याकडं निजामाचंच राज्य होतं, आणि आता काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरून माल येणं बंद झालेलं. घासलेट नाही, मीठ चिमटीनं, दुकानात गेलं की दुकानदार नुसती मान हलवायचा. संध्याकाळी रझाकार फिरायचे. घरमालकानं बजावून ठेवलं होतं, अंधार पडला की रस्त्याच्या बाजूला दिवा दिसता कामा नये, जाळ दिसता कामा नये. आणि आमची ओसरी रस्त्याच्याच बाजूला.

म्हणजे बघा, शाळा सुटून पोरं घरी येणार आणि अंधार पडणार, तेवढाच काय तो वेळ. तेवढ्यात हातपाय धुवायचे, अभ्यास करायचा, जेवायचं. दिवा नाही म्हटल्यावर अभ्यास उजेडातच व्हायला पाहिजे. पाढे आले नाहीत तर गुरुजी बाकावर उभं करायचे आणि ते पोर रात्री झोपेत पाढे म्हणायचं. अभ्यास आधी घेतला तर भाकरी होईस्तोवर झोपायचा. जेवण आधी करायला घेतलं तर उजेड जायचा. मी एका हातानं पीठ मळायची, दुसऱ्या हातानं फुंकणी, तोंडानं बे एके बे, आणि डोळे रस्त्यावर.

हे म्हणायचे, "सकाळीच थापून ठेवत जा की."

ठेवून बघितली. पावसाळ्याच्या हवेत सकाळची भाकरी संध्याकाळपर्यंत चामड्यासारखी व्हायची, आणि पोराचे पुढचे दात पडलेले. चोखून चोखून ठेवून द्यायचा. भात करावा तर आमच्या माणसांत भात म्हणजे जेवण धरत नाहीत. भात आजाऱ्याला, नाहीतर लग्नात. तरी केला, तर रेशनच्या तांदळाला असा वास यायचा की धाकटी नाक धरून बसायची.

शाळा सुरू झाल्या तेव्हा वन्सं येऊन गेल्या. यांची मोठी बहीण, सोलापूरला दिलेली. यांना त्यांनीच वाढवलं. पोटी मूल नाही. घर चांगलं, दारात म्हैस, आणि सोलापूर म्हणजे तिकडच्या सरकारात, तिथं संध्याकाळी बिनधास्त दिवे लागतात. त्यांनी पोराला आंघोळ घालायला घेतलं आणि त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला. यांना हाक मारली.

"हे काय रं? ह्याच्या फासळ्या मोजून घ्याव्यात का काय?"

हे म्हणाले, "दिवस वाईट आहेत, बाई."

"दिवस मोठ्यांना वाईट. लेकराला कशाला? नागपंचमीला मी परत येती. तवर भरला नाही तर सोलापूरला नेती. तिथं शाळा हाय, दूध हाय. हिला काही म्हणत नाही मी, पोर हाय ती तरी अजून."

मी चुलीपाशी होते. वन्संच्या पुढं हे कधीच बोलत नाहीत, मला ते माहीत होतं, पण त्या दिवशी मी वाट बघत होते की बोलतील.

वन्सं गेल्यावर मी म्हटलं, "नेणार का हो त्याला?"

"भरला तर कशाला नेतील?" म्हणाले, आणि टोपी घालून कचेरीत गेले.

त्यानंतर मी काय काय नाही केलं. दूध बघायला गेले तर गवळणीकडं तिच्याच नातवाला पुरत नव्हतं. ताक मात्र द्यायची. भाकरी कुस्करून वरणात कालवली, तीही तो अर्धी ठेवायचा. दोन भाकऱ्या एकदम थापायला गेले, एक करपली, आणि शेजारच्या गल्लीतून आरडाओरडा आला म्हणून जाळावर पाणी ओतलं, दुसरी कच्ची राहिली. पोरगं झोपलं. धाकटी कच्ची भाकरी घेऊन बसली, म्हणाली, "आई, ही मऊ आहे." मी मागच्या अंगणात जाऊन पायरीवर बसले.

मागच्या खोल्यांत एक तेलुगू बाई राहायच्या, मी अक्का म्हणायची. नवरा रेल्वेत. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही, आम्ही दोघी हैदराबादी बोलायचो, त्यांची वेगळी मोडकी, माझी वेगळी.

"फिर भुक्का सोगया क्या मा, बच्चा?"

"हौ अक्का."

"कायकू रोट्याँ ठोकते बैठते जी शाम को? जुवार मोटा दल लेव. दोपहर को भिगाव. शाम को पतेली में डालो, हो गया."

मी म्हटलं, "वो तो कण्या है, अक्का."

"कण्या बोलो, रव्वा बोलो, पेट को क्या मालूम उसका नाम."

मला कण्या माहीत नव्हत्या असं नाही. माहेरी सुगीच्या दिवसांत रानातल्या बायकांना कण्याच असायच्या, अंबाडीच्या भाजीबरोबर. मीही खाल्ल्यात, आवडीनं. पण सासरी कण्यांचं नाव काढायचं नाही. यांच्या लहानपणी एका वाईट सालात घरातली सगळी ज्वारी संपली, मग कण्यांची पेज, मग नुसती पेज, आणि त्यात यांचा एक धाकटा भाऊ गेला. सासूबाईंनी तेव्हा सांगितलं होतं म्हणे, आता या घरात परत कण्या चुलीवर चढायच्या नाहीत. सासूबाई मी आले तेव्हा नव्हत्या, पण त्यांचा तो शब्द घरात चालायचा. तांदूळ नसला, गहू नसला तरी ज्वारीची भाकरी थापायची, कोर तरी, पण भाकरी.

मी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दाराला कडी लावून जात्यावर बसले.

जातं सैल ठेवून ज्वारी भरडायची, चाळायची. खालचं पीठ यांच्या भाकरीला, वर राहतात त्या कण्या. दोनदा धुवायच्या, ताकाच्या निवळीत भिजत घालायच्या. पोरं येईपर्यंत फुगून मऊ होतात. गल्लीच्या कोपऱ्यावर पोरांचा आवाज आला की पातेलं चुलीवर, लसणाची फोडणी, मूठभर मुगाची डाळ तीही दुपारीच भिजवलेली, हाताला लागेल तो पाला, चुका, तांदुळजा, नाहीतर शेवग्याचा. पोरं पाय धुवून पाटी काढतात तोवर रटरट आवाज यायला लागतो. वरून दाण्याचं कूट. पाढा पुरा व्हायच्या आत ताटलीत.

पहिल्या दिवशी पोरानं वास घेतला, म्हणाला, "हे काय?"

"खाऊन बघ."

चमच्यानं खाल्लं. चावायला लागतच नव्हतं, पुढचे दात असोत नसोत. परत पुढं केली ताटली. मी त्याच्या तोंडाकडं बघत बसले, धाकटीला वाढायचंही विसरले, ती म्हणाली, "मी पण शाळेत गेले होते."

मग रोज. एक दिवस ताकातल्या, जिरं घालून. एक दिवस गूळ आणि तीळ कुटून, तो दिवस धाकटीचा. अक्का अंबाडी द्यायच्या, त्या तिला गोंगूरा म्हणायच्या, तिची भाजी करून कण्यांवर घालायची, तेव्हा मात्र मीही पोरांबरोबर खायची आणि मला माहेरच्या बांधावर बसल्यासारखं वाटायचं. यांच्या भाकऱ्या मी दुपारीच करून फडक्यात गुंडाळून ठेवायची. हे अंधारात यायचे, भिंतीला हात लावत लावत. विचारायचे, "पोरं जेवली?" मी म्हणायची, "जेवली." काय जेवली ते यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पोरांना मी सांगून ठेवलं होतं, बाहेर कुणाला बोलायचं नाही आपण काय खातो ते. शेजारीपाजारी म्हणतील यांच्याकडं खायला नाही, असं माझ्या मनात. यांच्याही कानावर जायला नको.

एकदा संध्याकाळी पातेल्याला नुकती उकळी आली होती आणि घोषणा एकदम जवळ आल्या, अगदी कोपऱ्यावर. मी जाळ ओढला, राख टाकली, उकळतं पातेलं झाकणासकट गोधडीत गुंडाळलं आणि पोरांना घेऊन आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागं बसले. पोरगं माझ्या कानात म्हणालं, "आई, सोळाचा पाढा म्हणू का?" म्हटलं, "मनातल्या मनात म्हण." ते लोक गेले, अंधार झाला, मला उठायचं सुचेना. धाकटीनंच गोधडी उघडली. कण्या आपल्या आपण शिजल्या होत्या, गोधडीच्या उबेत. अंधारात हातानं चाचपत खाल्ल्या तिघांनी. त्या दिवसापासून मी तसंच करायला लागले, एक उकळी आली की गोधडीत. जाळही थोडाच लागायचा.

आणि पोरगं भरायला लागलं. आंघोळ घालताना मी रोज फासळ्यांवरून हात फिरवायची, वन्संनी फिरवला तसा. हळूहळू त्या हाताला लागेनाशा झाल्या. संध्याकाळी जागा राहायचा, धाकटीला चिडवायचा. दिवस असे नसते, तर मी त्या महिन्यात सुखी होते असंच म्हटलं असतं.

नागपंचमीला वन्सं आल्या. गाडीत फार त्रास झाला म्हणाल्या, मधल्या स्टेशनांवर माणसं दारं आतून लावून बसली होती. आमच्यात त्या दिवशी तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. मी दिंडं उकडली, पुरणाची, गूळ साठवून ठेवला होता त्याची. वन्संनी पोराला जवळ ओढलं, सदरा वर केला, बघितलं.

"भरलाय की गं," म्हणाल्या. "काय केलंस काय?"

मी दिंडांचं ताट त्यांच्यापुढं केलं. यांनी माझ्याकडं बघितलं, हसले थोडे. मला आठवतं ते हसणं.

संध्याकाळी वन्सं पोराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हे पण त्या दिवशी कचेरीतून लवकर आले होते. वन्सं म्हणाल्या, "आत्याला सांग बरं, आई रोज काय खाऊ घालती?"

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.

"सांग की. आईकडं काय बघतोस?"

"आई म्हणती कुणाला सांगायचं नाही."

"आत्याला सांगायचं."

"कण्या," म्हणाला. आणि खुशीत पुढं म्हणाला, "रोज."

वन्संचा हात त्याच्या पाठीवर होता तो तिथंच थांबला.

"रोज?"

"रोज. कधी कधी अंधारात पण खातो."

वन्संनी यांच्याकडं बघितलं. "आणि तू काय खातोस?"

"भाकरी," हे म्हणाले.

"तू भाकरी खातोस आणि लेकरं अंधारात कण्या खातात. आणि कुणाला सांगायचं नाही."

"मला माहीत नव्हतं, बाई."

मी पुढं झाले, म्हटलं, "वन्सं, तसं नाही हो, घरात ज्वारी आहे, कोठी बघा ना. कण्या लवकर होतात म्हणून. भाकरी होईपर्यंत झोपतो तो. त्यात डाळ घालते, पाला घालते, कूट घालते. तुम्हीच म्हणाला ना मघाशी, भरलाय म्हणून."

"सूज असंल," वन्सं म्हणाल्या. "आमच्या त्यालाही अशीच आली होती. आईला वाटलं, भरलंय पोर."

मी त्यांना म्हणणार होते, दाबून बघा, सूज दाबली की खड्डा पडतो, याला पडत नाही. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या माझ्याशी भांडत नव्हत्याच. त्या कुठल्या कुठं गेल्या होत्या, त्या सालात. तिथं मी काय बोलणार.

आत आल्यावर हे म्हणाले, "मला सांगायचं तरी."

"तुम्ही करू दिल्या असत्या?"

यांनी अंथरूण पसरलं. मग म्हणाले, "जाऊ दे त्याला. नाहीतरी इथं काय भरवसा. तिकडं निदान दिवे लागतात."

आणि ते खरं होतं.

वन्संना आणि पोराला सोडायला टांग्यानं नामपल्ली स्टेशनावर गेलो. मी भरडून ठेवलेल्या सगळ्या कण्या एका पिशवीत भरून घेतल्या होत्या. डब्याच्या खिडकीतून वन्संना द्यायला गेले, म्हटलं, "दुपारी भिजवायच्या, एक उकळी, मग गोधडीत."

त्यांनी पिशवी परत माझ्या हातात दिली. रागानं नाही, अगदी हळू. "सोलापुरात ज्वारी पिकती गं. भाकरी खाईल पोर."

पोरगं खिडकीतल्या जागेसाठी भांडत होतं. हात हलवायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

घरी आले, आणि सवयीनं रोजच्या एवढ्याच कण्या भिजत घातल्या. धाकटी म्हणाली, "दादाच्या वाटणीच्या कुणी खायच्या?" तिनं खाल्ल्या थोड्या, मी खाल्ल्या.

पुढं पोलीस ॲक्शन झाली. विमानं आली, सगळे खोल्यांत बसून, मग एका संध्याकाळी कळलं की संपलं. बरकतपुऱ्यात लोक रस्त्यावर आले, अक्कांनी माझ्या तोंडात साखर घातली. कितीतरी दिवसांनी आमच्या ओसरीत दिवा लावला. समोर एक मुसलमान कुटुंब राहायचं, त्यांची पोरं माझ्या पोरांएवढीच, त्यांच्याकडं मात्र आता अंधार झाला. ती बाई आणि मी कधी बोललो नव्हतो. पण तिच्या ओसरीत जाळ दिसत नाही हे मला रोज संध्याकाळी दिसायचं, आणि तिची पोरं आता कधी जेवत असतील असं यायचं मनात. मी काही केलं नाही. काय करायचं ते मला समजलं नाही.

यांना मी एकच विचारायची, गाड्या कधी सुरू होणार.

दिवाळीला वन्सं त्याला घेऊन आल्या. टांग्यातून उतरला आणि मी बघितलं, मान बारीक झालेली. मी बघतेय ते वन्संनी बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जात्यावर बसले, तर जवळ येऊन बसल्या, खुंट्याला हात लावला, माझ्याबरोबर ओढायला लागल्या.

"संध्याकाळचा झोपून जातो," म्हणाल्या. "आमच्याकडं देवाचं झाल्याशिवाय पानं वाढत नाहीत. उठवला तर घास धरून बसतो. चावत नाही."

मी म्हटलं, "इथंही तसंच करायचा."

"म्हैस हाय दारात. दूध घेत नाही, ओकतो." मग जात्याकडं बघत म्हणाल्या, "किती वेळ भिजवायच्या म्हणालीस?"

मला वाटलं, आता म्हणतील की ठेवून जाते त्याला. मी थांबले, खुंटा धरून. त्या म्हणाल्या, "तिथं शाळेत नाव घातलंय. यंदाचं वर्ष तिथंच होऊ दे, मधूनच काढलं तर वाया जाईल. आमच्या मालकांनाही लळा लागलाय त्याचा." आणि मग माझ्याकडं न बघता, "थोड्या भरडून दे. आमच्या गिरणीत बारीक होतात."

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी म्हटलं, "वर्षाचा तर प्रश्न आहे."

मी रात्रभर मनात सगळं फिरवलं. कण्या बारीक भरडल्या, पिठासारख्या, तर गुठळ्या होतील, खाणार नाही. भिजवायचं कमी सांगितलं तर कच्च्या लागतील. नाही खाल्लं तर त्या कंटाळून आणून सोडतील. असं मनात येत होतं आणि त्याची मानही डोळ्यांसमोर येत होती.

निघायच्या आदल्या दुपारी जात्यावर बसले. धाकटी सूप धरून समोर. जातं बरोबर सैल केलं, मूठ मूठ ज्वारी टाकली, मुठीत घेऊन बघितली, सारखी निघाली की नाही. दोनदा चाळली. वन्संना पिशवी दिली आणि सगळं नीट सांगितलं, ताकाची निवळी, मुगाची डाळ, एक उकळी, गोधडीत, आणि देवाचं व्हायच्या आधी वाढायचं, पाढे म्हणत असतानाच.

त्या म्हणाल्या, "गोधडी कुठली घेऊ? त्याचीच घेतली तर चालंल?"

म्हटलं, "चालंल. त्याचीच घ्या."